कार्डावरची चार मुलं

समोरच्या माणसाचं बोलणं पुरं व्हायच्या आत ती पेन्सिल जिभेला लावायची. त्या वेळी शाईची पेन्सिल मिळायची. ओली केली की जांभळं उमटायचं आणि खोडरबराने काही केल्या जायचं नाही. सरकारी फॉर्म भरायला तीच लागते, असा तिचा ठाम समज होता. दहा फॉर्म भरून होईपर्यंत तिचा खालचा ओठ जांभळा, जिभेचं टोक जांभळं आणि हनुवटीवर कुठेतरी एक ठिपका. कॉलेजात तिला सगळे 'जांभूळ' म्हणत. ते नाव मी ठेवलं होतं. मी याहून वाईटही केलेलं आहे, ते पुढे येईल.

"सांगा, लिहून टाकू," ती म्हणायची. माणूस घुटमळला, हे लिहावं की लिहू नये अशा विचारात पडला, की तिचं पुढचं वाक्य ठरलेलं. "अहो, कागदाला काय कळतंय?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कुणाचंही काम अडलेलं दिसलं की यांचा हात शिवशिवतो. पण अशी माणसं बहुतेक वेळा गोड बोलणारी असतात. ही तशी नव्हती. तिच्या चांगुलपणाचा समोरच्याला धाकच वाटायचा. जुलाब झालेल्या पोराला ती साखरमिठाचं पाणी पाजायची, आणि पाजता पाजता त्याच्या आईला असं काही फैलावर घ्यायची की बाईला पोराच्या जुलाबांपेक्षा हिचीच भीती वाटावी. काम झाल्यावर कुणी हात जोडले तर म्हणायची, "ते राहू द्या. नखं कापा आधी."

ती पडघ्याच्या आतल्या एका गावातली, भातशेती करणाऱ्या घरातली मुलगी. बी.ए.ला आलेली गावातली पहिलीच. सकाळच्या एस.टी.ने भिवंडीला यायची आणि गाडी चुकली तर ट्रकवाल्याला हात करायलाही मागेपुढे बघायची नाही. मी भिवंडीतलाच, प्राथमिक शाळेतल्या मास्तरांचा मुलगा. आमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांचं सेवा पथक होतं. वर्षभरात ठरावीक तास लोकांची सेवा करायची, मग परीक्षेत दहा गुण जास्त आणि शेवटी शिक्क्याचं प्रमाणपत्र. मी दहा गुणांसाठी आणि शनिवारच्या उसळपावासाठी गेलो होतो. पथकाच्या सरांनी जोड्या लावल्या त्यात ती माझ्या वाट्याला आली. मित्रांनी माझं रीतसर सांत्वन केलं.

मला ती नावाने हाक मारत नसे. "अहो मास्तरांचे," म्हणायची. "अहो मास्तरांचे, तुम्ही आपले त्या पुठ्ठ्याने वारा घाला, मी लिहिते." मी वारा घालायचो. तीन वर्षांच्या सेवेत मी मुख्यतः वाराच घातला.

एकदा आम्ही लूमच्या गल्लीतून चाललो होतो. दोन्ही बाजूंना माग खडखडत होते, त्यामुळे माणूस ओरडला ते आम्हाला ऐकू आलंच नाही, धावपळ दिसली तेवढी. रहमत नावाच्या कामगाराची दोन बोटं मागाच्या पट्ट्यात गेली होती. बाकीचे लोक शेठ कुठे आहेत ते शोधत होते. हिने आपली ओढणी त्याच्या हाताला गुंडाळली, त्याला टांग्यात घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. मला टांग्याच्या मागे पळायला लावलं. दवाखान्यातल्या कारकुनाने विचारलं, "पेशंटचं कोण?"

"बहीण," ती म्हणाली.

कारकुनाने रहमतचं नाव लिहिलं, मग हिचं नाव आणि आडनाव विचारलं, आणि ते ऐकून पेन खाली ठेवलं. भिवंडीत दंगलीनंतरच्या त्या वर्षांत अशी दोन नावं एका ओळीत लिहिताना कुणाचाही हात थांबला असता.

"लिहा हो," ती म्हणाली. "कागदाला काय कळतंय?"

त्याने लिहिलं. रहमतचा हात शिवून झाला तेव्हा तो रडत होता, पण बोटांसाठी नाही. "बहन, शेठ ड्यूटी पे वापस लेगा क्या?" एवढंच विचारत होता. ही दुसऱ्या दिवशी शेठच्या दारात जाऊन उभी राहिली. काय बोलली मला माहीत नाही, मी कोपऱ्यावर थांबलो होतो. पण रहमतला सुताच्या कांड्या भरायच्या कामावर घेतलं. पुढे तो रस्त्यात कुठेही दिसला की "बहन" म्हणून मोठ्याने हाक मारायचा आणि उरलेल्या तीन बोटांनी सलाम करायचा. ती ओशाळून भलतीकडेच बघायची.

थोडं खोटं लिहिलं की माणसाचं भलं होतं, हे मी तिच्याकडून शिकलो. लिहिलेलं कधीतरी कुणीतरी वाचायलाही बसतं, हे तेव्हा आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

पथकाने वज्रेश्वरीच्या वाटेवरचा एक आदिवासी पाडा दत्तक घेतला होता. दत्तक म्हणजे दर शनिवारी तिथे जायचं. पहिल्या वर्षी आम्ही शोषखड्डे खणले. पाड्यातली माणसं कडेला उकिडवी बसून आम्ही कुदळ कशी धरतो ते पाहायची आणि हसून बेजार व्हायची. दुसऱ्या वर्षी सरांनी रेशनकार्डांचं काम काढलं. पाड्यातल्या निम्म्या घरांना कार्डच नव्हतं. कार्डावर जितकी माणसं तितकं धान्य, हा हिशेब सगळ्यांना ठाऊक होता, पण फॉर्म भरणार कोण? ती भरायला बसली. पाड्यावर आली की तिची कॉलेजातली भाषा गळून पडायची आणि गावची बाहेर यायची. "कवा जन्मलास? न्हाय ठावं? मोठा पूर आला तवा चालत व्हतास का रांगत?" असं विचारून ती वयं काढायची.

बुधा तिथलाच. चोवीस-पंचवीसचा असेल, काटक, हसरा, मजुरीला जाणारा. लग्न झालेलं नव्हतं, पण घरात चार मुलं होती. ती त्याच्या मोठ्या भावाची. भाऊ जंगलात लाकडं तोडताना मेला होता, आणि भावजय वर्षभराने कशेळीकडे वीटभट्टीवर दुसऱ्या माणसाबरोबर राहायला गेली होती. मुलं बुधाकडे राहिली. मोठी मुलगी दहाची, धाकटा नीट चालतही नव्हता. बुधा सकाळी जे मिळेल ते काम धरायचा आणि संध्याकाळी येऊन पाचजणांची पेज शिजवायचा.

रेशनच्या कचेरीतल्या कारकुनाने सांगितलं, दुसऱ्याची मुलं कार्डावर चढवता येणार नाहीत. चढवायची तर बाप मेल्याचा दाखला आणा. जंगलात मेलेल्या माणसाचा दाखला कुणी केलेला नव्हता. "दाखला नाही तर तो मेलेला नाही," कारकून म्हणाला. "मग जिवंत आहे असं धरून कार्ड द्या," ही म्हणाली. "जन्माचा दाखला कुठे आहे?" कारकुनाने विचारलं. तोही नव्हता. बुधाचा भाऊ सरकारच्या लेखी जन्मलाही नव्हता आणि मेलाही नव्हता. मला ते ऐकून हसू आलं. तिला आलं नाही.

पुढच्या शनिवारी तिने नवा फॉर्म काढला, पेन्सिल जिभेला लावली आणि चारही मुलांसमोर बुधाशी असलेलं नातं लिहिलं. मुलगी, मुलगा, मुलगी, मुलगा.

"ताई, माजा तं लगीन न्हाय," बुधा म्हणाला.

"कागदाला काय कळतंय रं? वय किती लिवू? चोविसाव्या वर्सात दहाची पोर कशी? पस्तीस लिवते."

"लिव. अंगना भरून पोरां नि बायकू न्हाय," असं म्हणत त्याने अंगठा उमटवला. सगळा पाडा हसला. त्यानंतर त्याला लोक 'म्हातारा' म्हणायला लागले. कार्ड आलं. पहिल्या महिन्याची साखर आली त्या दिवशी बुधाने आम्हा दोघांना चहा केला. कप एकच होता, तो आधी तिने घेतला, मग मी. मुलं साखरेची पुडी मध्ये ठेवून चारी बाजूंनी बसली होती आणि एकेक दाणा बोटाला चिकटवून खात होती. ती तिकडे बघत बसली आणि पहिल्यांदाच कुणाला नखांबद्दल काही बोलली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बुधाचं लग्न झालं. सोनी पलीकडच्या पाड्यातली, अठराएक वर्षांची, बडबडी. चार मुलांच्या घरात यायला तिने कुरकूर केली नाही. "चार हायती त्यांच्यात माजा पाचवा," असं लग्नाच्या मांडवात सगळ्यांसमोर म्हणाली आणि स्वतःच लाजली.

तिचं नाव कार्डावर चढवायला बुधा ताईकडेच आला. कचेरीत कारकुनाने विचारलं, "बायको आधी का नाही लिहिली?"

"माहेरी गेली होती," हिने ठोकून दिलं.

"चार मुलं टाकून?"

"तिची आई आजारी होती हो! तुम्ही लिहा."

सोनीचं वय तिने तीस लिहिलं. सोनीने कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, "मी म्हातारी झाली का याच्यात?" परतीच्या वाटेवर आम्ही तिघं-चौघं पोट धरून हसत होतो. मला ते हसणं आठवतं, कारण बरोबर त्या दिवशी ते कार्ड पुरं झालं. नवरा, बायको, चार मुलं. कुणीही वाचलं असतं तरी त्यात कमी काही निघालं नसतं.

ते आणीबाणीचं दुसरं वर्ष होतं. नसबंदीच्या केस आणायचं काम मास्तरांवर, ग्रामसेवकांवर, सगळ्यांवर टाकलेलं होतं. माझ्या वडिलांना दोन केस आणायच्या होत्या. नाही आणल्या तर बदली थेट डोंगरातल्या मोखाड्याला. वडिलांना दमा होता. ते रोज शाळा सुटल्यावर ओळखीच्या लोकांकडे जायचे, चहा घ्यायचे, विषय काढायची हिंमत होत नसे, तसेच परत यायचे. आई त्यांना काही विचारत नसे. मीही विचारत नसे.

एका शनिवारी सरांनी पथकाला सांगितलं, आज पाड्यावर प्रबोधन करायचं आहे. जीप येईल. लोक तुम्हाला ओळखतात, तुम्ही बरोबर असलात की येतील. हमरस्त्याकडच्या शाळेत शिबिर आहे. खरोखरच लोक आले. आम्हाला पाहून आले. त्यांना सुई देणार आहेत एवढंच कुणीतरी सांगितलं होतं. बुधाही आला, शाळेच्या अंगणात बाकीच्या पुरुषांबरोबर उकिडवा बसला आणि तिला बघून त्याने हात केला.

तिच्या हातात टाइप केलेली यादी होती. रेशनच्या रजिस्टरातून काढलेली. तीनच्या वर मुलं असलेल्यांची नावं. ती ओळींवरून बोट फिरवत गेली आणि एका ठिकाणी हसली. "अहो मास्तरांचे, हे बघा, आपला म्हातारा," असं म्हणाली. मग तिचं हसू गेलं. बोट त्या ओळीवरच राहिलं.

शिबिराचे अधिकारी चौथीच्या वर्गात बसले होते. भला दिसणारा माणूस. तिला खुर्ची दिली, चहा मागवला. तिने सगळं सांगितलं. मुलं त्याची नाहीत, भावाची आहेत, त्याचं लग्न होऊन सहा महिने झालेत, त्याला स्वतःचं मूल नाही, वय पंचवीस आहे, हे सगळं मी लिहिलं.

अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, तुमच्यासारख्या मुलींची देशाला गरज आहे. आता बघा, कार्ड खरं असेल तर हा माणूस पात्र आहे. कार्ड खोटं असेल तर मी ते आजच रद्द करायला पाठवतो, आणि खोटी माहिती दिल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल होतो. तुम्ही म्हणाल तसं करू."

"लिहिलं मी आहे. माझ्यावर करा."

"अंगठा त्याचा आहे," ते म्हणाले.

तिने माझ्याकडे बोट केलं. "यांना विचारा. हे होते बरोबर. यांनी सगळं पाहिलंय."

अधिकारी माझ्याकडे वळले. "तुम्ही जोडीदार ना? वडील काय करतात?"

"शिक्षक आहेत," मी म्हणालो.

"वा. मग काय, ही म्हणते ते खरं आहे?"

वाचकहो, त्या खोलीत फळ्यावर तेराचा पाढा लिहिलेला होता. मी तो पाढा वाचत होतो. तेरा साते एक्याण्णव. माझ्यापुढे त्या वेळी बुधा नव्हता, मोखाडा होता. मी म्हणालो, "मला माहीत नाही, साहेब. फॉर्म त्या भरायच्या. मी नुसता बरोबर असायचो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी शिवी खायला तयार होतो. तिला शिव्या चांगल्या येत होत्या. पण ती उठली आणि चहा तसाच ठेवून बाहेर गेली.

अंगणात ती बुधाच्या समोर जमिनीवर बसली. मी दारातून पाहत होतो. एरवी सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी बोलणारी बाई, तिचा आवाज जेमतेम दारापर्यंत येत होता. सुई नाही, ऑपरेशन आहे, असं तिने सांगितलं. मग सांगितलं की कार्ड खोटं ठरवलं तर हे करावं लागणार नाही, पण कार्ड जाईल आणि तुझ्यावर केस होईल.

"जेलात नेतील?"

"सांगता न्हाय येत, बुधा. नेतीलबी."

"मंग पोरांना कोन?"

मग बुधानेच पुढचं विचारलं.

"ह्यो आपरेशन जाला तर पोर मागून व्हईल ना? दोन वर्सांनी?"

तिथे तिला खोटं बोलता आलं असतं. तिच्याइतकं चटकन आणि सोयीचं खोटं कुणालाच सुचत नसे. शिबिरातल्या माणसांनी सांगितलेलंच होतं, काही होत नाही म्हणून. ती म्हणाली, "न्हाय. कवाच न्हाय व्हनार."

हे तिने मोठ्याने म्हटलं. अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं. पहिल्यांदा पांढऱ्या केसांचा एक माणूस उठला, मग दोघंतिघं, मग निम्मं अंगण शाळेच्या मागच्या शेतातून डोंगराच्या दिशेने पळत सुटलं. शिपाई धावले. सर धावले. सरांनी तिचा दंड धरला आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका मुलीला अरेतुरे केलं. बुधा पळाला नाही.

"पळ ना रं," ती म्हणाली.

"मी पलालू तरी नाव तितंच हाय," तो म्हणाला. "तू सांग, ताई. तूच लिवलास. काय करू?"

लोकांची वयं, नाती, आजार सगळं ठरवून टाकणारी ती, तिला तेव्हा एक शब्द सुचला नाही. बुधा उठला, गुडघ्यांवरची माती झटकली आणि रांगेत जाऊन उभा राहिला. तिने त्याचा सदरा धरला. त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तो आत गेला.

ऊन उतरल्यावर अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. पळालेल्यांमुळे त्यांचा आकडा कमी पडला होता, तरी माझ्याशी ते चांगलंच बोलले. "तुमच्या वडिलांच्या किती राहिल्यात?" त्यांनी विचारलं. दोन, मी सांगितलं. "या पाड्यातल्या दोन त्यांच्या नावावर टाकतो. मास्तरांना सांगा, निश्चिंत राहा." त्यातली एक केस बुधाची होती. मी नको म्हणालो नाही. मी आभार मानले.

घरी गेल्यावर वडिलांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "मुलंबाळं असलेला माणूस आहे ना रे?" त्यांनी विचारलं.

"चार आहेत," मी म्हणालो.

"मग ठीक आहे," वडील म्हणाले. बऱ्याच दिवसांनी ते पोटभर जेवले. ते जाईपर्यंत मी त्यांना खरं सांगितलं नाही, आणि यात माझा चांगुलपणा होता असंही मला कधी वाटलं नाही.

सरांनी तिचं नाव पथकातून काढलं. सरकारी कामात अडथळा आणला म्हणून तिच्या घरी पत्र गेलं. वडिलांनी तिचं कॉलेज बंद केलं. पुस्तकं परत करायला ती एकदाच आली, तेव्हा ग्रंथालयाच्या दाराशी आमची गाठ पडली. मला वाट काढून जायला जागा नव्हती.

"मास्तरांची बदली टळली ना?" तिने विचारलं.

"टळली."

"बरं झालं. दमा आहे त्यांना."

या बोलण्यात टोमणा असेल म्हणून मी आजवर कितीदा तरी तो शोधला आहे. सापडत नाही. सापडला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या वर्षी उत्कृष्ट स्वयंसेवकाचं प्रमाणपत्र मला मिळालं. त्याच्या जोरावर तालुक्याच्या कचेरीत नोकरीही लागली. लोकांच्या उपयोगी पडायची आवड आहे, असं मुलाखतीत साहेबांनी स्वतःच म्हटलं.

तीन वर्षांनी कल्याणच्या एस.टी. स्टँडवर ती भेटली. लग्न करून तिकडेच कुठेतरी दिली होती. अंगाने भरली होती. कडेवर दीड वर्षाची मुलगी होती, हुबेहूब आईच्या तोंडवळ्याची. मुलगी माझ्या खिशातलं पेन ओढायला लागली तेव्हा तिने तिच्या हातावर चापट मारली. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग ती म्हणाली, "पाड्यावर जाते मी दर दिवाळीला. फराळ घेऊन."

"हिलाही नेता?" मी विचारलं.

"हिला सासूपाशी ठेवते," ती म्हणाली. गाडी लागली होती. ती धावत जाऊन चढली आणि पोरीला खिडकीपाशी बसवलं.

त्याच थंडीत निवडणुकीच्या याद्या दुरुस्त करायचं काम आलं आणि तो पाडा माझ्या वाट्याला आला. जाऊ नये म्हणून मी दोन दिवस काढले, मग गेलो. बुधा अंगणात कुडाची भिंत लिंपत होता. त्याने मला ओळखलं, बसायला पोतं टाकलं. वय विचारलं तर म्हणाला, "खरा लिवता का कार्डावरचा?" आणि हसला. मोठी मुलगी आता बाईसारखी दिसत होती. धाकटा शाळेत जात होता.

सोनीने पाणी आणून दिलं. तिची बडबड गेलेली होती. ती उंबऱ्यात बसून माझं लिहिणं बघत राहिली. मग म्हणाली, "तुमची ती जोडीदारीन येते. दर दिवालीला."

"हो, मला म्हणाल्या होत्या."

"पयल्या वर्साला आली तवा मी तिला पानी न्हाय दिला. भायेरच बसली, लाडू ठेवलान नि गेली. दुसऱ्या वर्साला मी विचारला तिला, तुला किती पोरां? ती बोलली, न्हाय मला. व्हनारबी न्हाय, डाक्टरनं सांगलाय." सोनीने माझ्याकडे पाहिलं. "मंग मी तिला घरात घेतला."

बुधाचे हात लिंपता लिंपता थांबले होते.

"तुमी वलखता तिला," सोनी म्हणाली. "खरंच न्हाय ना तिला?"

माझ्या खिशाला लागलेला त्या पोरीचा हात मला आठवत होता. मी यादी मिटली.

"नाही," मी म्हणालो. "तिला मूल नाही."

सोनीने बराच वेळ माझा चेहरा न्याहाळला. मग ती उठली, माझ्यापुढचं भांडं उचललं आणि आत जाता जाता म्हणाली, "मंग येऊ दे तिला. आमच्याबिगर तिला तरी कोन हाय?"